बांगडीच्या खाली

पुसेगावहून हिंगोलीला जायचं, रिपोर्ट दाखवायचे आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं, एवढंच काम होतं. नवऱ्यानं, बालाजीनं गाडी काढली, प्रियदर्शनी मागं बसली. तिचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. हात हलायचा, पकडायचा, पण त्याला काही कळत नव्हतं. मागच्या आठवड्यात तवा हाताला चिकटला होता आणि कातडं जळाल्याचा वास आल्यावरच तिला ते समजलं.

गावाला निदान करायला कधी उशीर होत नाही. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं कामाचा कंटाळा. प्रियदर्शनीला दोन्हीचं काही वाटलं नाही. सृष्टी, तिची चार वर्षांची लेक, सारखी तापायची. तो ताप आपल्या हाताला कळावा, एवढीच तिची इच्छा होती.

डॉक्टरीणबाईंनी बोटांपासून टाचणी टोचत टोचत मनगटापर्यंत आणली. बांगडी ओलांडली आणि प्रियदर्शनी कळवळली.

"नस अशी बांगडीच्या रेषेवर थांबत नसते," त्या म्हणाल्या. "तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत."

"मग हाताला काहून कळत न्हाई?" बालाजीनं विचारलं. "सोंग करून राहिली का ही?"

"अजिबात नाही. मनाला जे सोसत नाही, ते कधीकधी शरीर उचलून घेतं. हे कधीपासून झालं, बाई?"

"आत्याबाईच्या तेराव्यापासून," प्रियदर्शनी म्हणाली.

"त्यांच्याशी बोलायचं राहिलंय का काही? बोला. मोठ्यानं बोला. हळूहळू हात परत येईल."

घरी आल्यावर बालाजी शेताकडं गेला. शेजारणीकडून आणलेली सृष्टी तापानं पुढच्या खोलीत निजली होती. प्रियदर्शनी मागच्या खोलीत, सासूच्या, सुमनबाईच्या रिकाम्या बाजेजवळ बसली. बाहेर भादव्याचं ऊन होतं. कोंबड्याही गप्प होत्या.

"आत्याबाई..." ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी माझा हात धरला व्हता. सोडू नको म्हनल्या. पर भाईर हळद शिजून राहिली व्हती, जास्त शिजल्याचा वास आला... मी तुमची बोटं येक येक करून सोडवली. परत आले तवर तुमी..."

रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. वास मात्र आला. हळद जास्त शिजल्याचा, उग्र, ओला वास. हळद तर शेतात अजून हिरवी उभी होती. गावात हळदीची एकही चूल पेटलेली नव्हती.

वास वाढत गेला. 'ऊठ, पाणी काढ, माल काळा पडेल,' असं तिचे पाय सांगत होते. या खेपेला ती उठली नाही.

मग हाताला कळलं.

आधी गारवा. मग पकड. तीन बोटं पूर्ण आणि चौथं अर्धंच. सुमनबाईची अर्धी तर्जनी फार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या पात्यात तुटली होती. प्रियदर्शनीनं खाली पाहिलं. हातावर काहीच नव्हतं. पकड हळूहळू आत मुरल्यासारखी वाटली आणि थांबली.

तिनं बाजेचा सुंभ चाचपला. खरखरीत लागला. भिंत चाचपली. गार लागली. हात परत आला होता! ती तशीच पुढच्या खोलीत गेली आणि लेकीच्या कपाळावर तळवा ठेवला. ताप लागला, चांगला सणसणीत. इतक्या दिवसांनी लागला.

सृष्टीनं डोळे उघडले नाहीत. तिनं तो हात दोन्ही हातांनी गालाशी ओढून घेतला.

"आजी... तुजं तुटकं बोट गार हाय."

प्रियदर्शनीनं पाहिलं. लेकीच्या गालावर तिची स्वतःचीच पाच बोटं होती, अख्खी.

"आजी, आई कुठं गेली?"

'इथंच हाय बाळा,' असं तिला म्हणायचं होतं. तोंड हललं नाही. तिनं डाव्या हातानं स्वतःचा दंड चिमटला, गळा चिमटला. काहीच लागलं नाही. बांगडीच्या वर आता कुठंच काही कळत नव्हतं.

बांगडीच्या खाली हात मात्र लेकराला थोपटत राहिला, सुमनबाई थोपटायची तसा, सावकाश.