लॉकेटातली बट

जरा सरकून बसा, दिव्याला वारा लागतोय.

मी थापाड्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दागिने दुरुस्त करता करता तीस वर्षं लोकांना बाता ऐकवल्या. "तुमच्या दुकानात सोन्यापेक्षा जीभच जास्त चमकते," असं बायको म्हणायची. हसा, हसा. पण ही एकच गोष्ट खरी आहे आणि नेमकी हीच कोणाला पटत नाही.

एका दुपारी समोरच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्या लॉकेटची कडी तुटली होती. आत काचेखाली करड्या केसांची बारीक बट होती.

"आईची आहे, दादा. ती गेली तेव्हा कापून ठेवली. जपून हं."

कडी जोडायची तर ज्योत लावावी लागते, आणि ज्योत लावण्याआधी लॉकेट रिकामं करायचं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. पण शेजारचा शिंपी येऊन बसला होता आणि राणीच्या मुकुटाची माझी बात ऐन रंगात आली होती. बाईंचं लॉकेट तसंच ज्योतीखाली धरलं. दुकानभर केस जळाल्याचा वास सुटला. काचेखाली चिमूटभर राख उरली.

घरी आलो आणि बायकोच्या फणीतले केस काढले. तीही करडी व्हायला लागली होती. बट वळली, नवी काच बसवली. रंगाला रंग मिळाला.

"मेलेल्या बाईच्या जागी मला बसवलंत?" ती म्हणाली.

"अगं, केसच तर आहेत. कचऱ्यातच जायचे होते."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी लॉकेट बाईंना देऊन टाकलं.

आठवडाभराने भाजी चिरता चिरता बायकोची सुरी थांबली. डोळे उघडे, नजर भिंतीपलीकडे. हात धरला तर हौदातल्या पाण्यासारखा गार. मग ती हलकेच म्हणाली, "बाळ... छत्री घेतलीस ना?"

आम्हाला मूलबाळ नाही.

रोज असंच व्हायला लागलं. रोज थोडं जास्त वेळ.

एके दिवशी बाई हसतमुखाने दुकानात आल्या. "दादा, काय जादू केलीत? लॉकेट मुठीत धरलं की आई बोलते. अगदी तशीच! छत्री घेतलीस ना, म्हणते."

मी हात पुढे केला. "द्या जरा इकडे... जोड कच्चा राहिलाय."

त्यांनी मूठ मिटली.

मग मी सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा, मीठमसाला न लावता. हात जोडले. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "पुरे, दादा! राणीचा मुकुट तुम्हीच जोडला होतात ना?"

दाराशी जाऊन मात्र वळल्या. हसू मावळलं होतं.

"आणि खरं असलं ना... तरी देणार नाही. अकरा वर्षांनी आली आहे ती."

बायको घरातच आहे. जेवते, कपड्यांच्या घड्या घालते. मला 'अहो' म्हणत नाही. परक्याच्या घरी उतरल्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकते आणि दाराकडे बघत राहते.

तिची फणी हल्ली मीच साफ करतो. काल दातांत एकच केस अडकला होता. करडा.

टोकाशी जळलेला.