तांबेपंखी कुठे गेले?

"यंदा एकसुद्धा नाही!" चंद्रभान ओढ्यातल्या शेवटच्या दगडावरून ओरडला.

दिवाळीच्या सुटीत शालू आणि चंद्रभान ही भावंडं अकोल्याहून हिवरखेडला मामाकडे यायची, ती या ओढ्यावरचे चतुर बघायला. पंख तांब्यासारखे चकाकत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव 'तांबेपंखी' ठेवलं होतं. गेल्या वर्षी दगडादगडावर ऐटीत बसलेले असत. आता नुसता पाण्याचा कुजका वास येत होता.

काठावर त्यांची मैत्रीण, नत्थुजी माळ्यांची शकुन, डोळे पुसत बसली होती.

"माह्या बापाले मळ्यातून काढून राह्यले," ती म्हणाली.

मळ्यातल्या खतानं पाणी नासलं, असं गाव म्हणत होतं. गावचे पाटील, म्हणजे मुलांचे केशवमामाच, उद्या नत्थुजींकडून मळा काढून घेणार होते.

शालूनं विचार केला. खताचा दोष असेल, तर मळ्याच्या वरच्या अंगाला पाणी चांगलं हवं आणि तिथं तांबेपंखी हवेत. तिघं ओढ्यातून वर निघाली. मळा मागे पडला, तरी चतुर नाही आणि वास तोच! शकुनची पावलं भराभर पडू लागली.

रान दाट झालं, आणि एका डोहात दगडांखाली दाबून भिजत घातलेल्या अंबाडीचे भारेच्या भारे दिसले. अंबाडी सडली की तिच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळतात. कापसाला सोन्याचा भाव आलेला, अमरावतीला जाणाऱ्या गठ्ठ्यांना दोर पुरेनात. एरवी अंबाडी गावाबाहेरच्या खड्ड्यात भिजवत. यंदा घाईत कुणीतरी वाहत्या ओढ्यातच घातली होती. डोहाच्या वर मात्र पाणी नितळ होतं आणि दगडादगडावर तांबेपंखी!

भाऱ्यांवर निळ्या चिंध्या होत्या. ती मामाच्या घरची खूण शालूनं लगेच ओळखली. पण मैत्रिणीचा मळा जात असताना गप्प बसणं तिला जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मामाला पंचांसमोरच अडवलं.

"मामा, जिथं चतुर दिसतील तिथं पाणी चांगलं. त्याच्या खाली ज्याची चूक सापडेल त्यानं निस्तरायची. कबूल?"

लाडक्या भाचीचा हट्ट म्हणून मामा हसून कबूल म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन ओढ्यानं निघाले. मळा ओलांडल्यावरही वास तोच, तेव्हा त्यांचं हसू मावळलं. डोहापाशी आपल्याच चिंध्या पाहून ते खालीच बसले.

"म्याच गड्यायले म्हटलं होतं, लवकर भिजवा. कुठं, ते इचारलंच नाही," ते म्हणाले. मग नत्थुजींकडे वळले. "चुकलो मी, नत्थुजी. मळा तुमचाच."

संध्याकाळपर्यंत भारे बाहेर निघाले. पंचांनी तिन्ही मुलांची पाठ थोपटली, मामांनी सर्वांत जोरात.

सुटी संपायच्या दिवशी शकुन धावतच बोलवायला आली. मळ्याजवळच्या दगडावर एक तांबेपंखी बसला होता. नत्थुजी मोट थांबवून त्याच्याकडे बघत होते.