पाणमांजर, तीन पिल्लांसह

बोटीतून उतरताना तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि ते थेट घोट्यापर्यंत चिखलात गेलं.

"हलू नका!" काठावरून कुणीतरी ओरडलं. "जितकं हलाल तितकं आत जाल."

हे ऐकून कोण न हलता राहील? ती हलली. चिखलाने चुळूक असा आवाज केला आणि तो गुडघ्याकडे चढू लागला. तोवर तो माणूस फळीवरून चालत येऊन पोचलाही होता. उंच, उन्हाने रापलेला, गळ्यात दुर्बीण. त्याने तिच्यापुढे हात धरला.

"बूट राहू दे, तुम्ही या."

"आणि बूट?"

"तो कुठे पळून जातोय? ओहोटीला काढू."

अशी ती एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा घालून निवासावर पोचली. खाडीच्या तोंडाशी, वस्तीपासून बोटीने तीन तासांवर, खांबांवर उभी असलेली ती सहा लाकडी खोल्यांची जागा. इथे लोक प्राणी आणि पक्षी पाहायला येत. त्यांना वाट दाखवणारा तो वाटाड्या, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी, स्वयंपाकघर सांभाळणारी त्याची आत्या.

"ही कोण लंगडी कोंबडी आणलीस?" आत्याने दारातच विचारलं.

"शाळेतल्या बाई आहेत," तो हसत म्हणाला. "नीट बोल, नाहीतर छडी खाशील."

बाईंचे कान तापले. पण त्या लाजेत गोडवा होता. पुढे जी लाज येणार होती, तिच्यात तो नव्हता.

त्या निवासाचा एक रिवाज होता. दाराशी एका टेबलावर जाड नोंदवही असे, तिला दोरीने बांधलेली पेन्सिल. दिवसभरात जे दिसलं ते प्रत्येकाने तिच्यात लिहायचं आणि रात्रीचं जेवण वाढण्याआधी मोठ्याने वाचायचं. खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, अशी, की खालचं वाचता आलं पाहिजे. बाईंना हे ऐकून गंमत वाटली, कारण आपल्या वर्गातल्या बत्तीस मुलांना त्यांनी हाच नियम लावला होता. 'चूक लपवली की ती मोठी होते,' असं त्या सांगत.

त्याच दुपारी वाटाड्याने त्यांना लपणात नेऊन बसवलं. लपण म्हणजे लव्हाळ्यात दडवलेली लाकडी खोली, समोर पाहायला एक आडवी फट. आत एक बाक आणि भिंतीवर खाडीतल्या प्राण्यांचं चित्र.

"फक्त डोळे उघडे ठेवा," तो कुजबुजला. "बाकी सगळं खाडी करते."

डोळेच तर उघडे राहिले नाहीत! प्रवासाचा शीण, पाण्याची चळचळ, उबदार लाकूड... बाई गाढ झोपल्या. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि बाहेरून त्याची शीळ ऐकू येत होती.

संध्याकाळी टेबलाभोवती सगळे जमले. निवृत्त डॉक्टरांनी तीन बगळे आणि एक गरुड वाचला. त्यांच्या बायकोने चिखलातले खेकडे वाचले, अगदी नांग्यांच्या रंगासकट. वही बाईंच्या पुढ्यात आली. वाटाड्या कौतुकाने पाहत होता... 'झोपले होते' हे दोन शब्द त्यांना लिहवेनात. लपणाच्या भिंतीवरलं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि पेन्सिल चालली.

"पाणमांजर," त्यांनी वाचलं. "तीन पिल्लांसह."

आत्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

"काय म्हणालात?" वाटाड्या उभा राहिला होता. "दोन वर्षं झाली, बाई. दोन वर्षांत या खाडीत एकही पाणमांजर दिसलेलं नाही. आम्ही आशा सोडली होती. पिल्लं... पिल्लं कुठे होती? आईच्या पाठीवर?"

"मागे," बाई म्हणाल्या. चित्रात ती मागे होती. "ओळीत."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्याचे डोळे भरून आले आणि बाईंनी वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे अंधारातच काठावर जाऊन बसू लागला. बोट त्या बाजूला नेणं त्याने बंद केलं. काठावरची पायवाटही बंद केली. डॉक्टरांची बायको दुखऱ्या गुडघ्यांनी लांबच्या वाटेने चालत गेली, वर हसून म्हणाली, "पिल्लांसाठी एवढं नको का करायला?" बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि दिवसभर तो बाईंना बरोबर घेऊन फिरे. ओल्या चिखलातले ठसे वाचायला शिकवी.

"हा कुणाचा? सांगा पाहू."

"तीन बोटं पुढे, एक मागे... बगळा?"

"शंभरपैकी शंभर. आणि हा?"

बाई वाकल्या. ठसा मोठा, खोल, एका बाजूला कललेला. "हा... कुठलातरी जड प्राणी. जरा लंगडणारा."

"हा मंगळवारचा. तुमचा." तो गंभीरपणे म्हणाला. "दुर्मीळ आहे. मी त्याच्याभोवती दगड लावून ठेवलेत."

खरंच लावले होते! सात छोटे पांढरे दगड. बाई हसल्या आणि हसता हसताच त्यांना रडू फुटेल असं झालं. एवढा भला माणूस आपल्याला जीव लावतोय, आणि कशाच्या जोरावर? न पाहिलेल्या तीन पिल्लांच्या? खाई त्याला खवखवे म्हणतात. बाईंच्या तर जिवालाच खवखव लागली होती.

गुरुवारी संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. तो ओसरीवर वहीतल्या नोंदी सुट्या कागदांवर उतरवत बसला होता. महिन्याची पानं शनिवारच्या बोटीने विद्यापीठात जात, खाडीचा अभ्यास करणाऱ्यांकडे. त्याने एक कागद बाईंपुढे सरकवला.

"बघा बरं, शुद्धलेखन तपासा. तुमचाच विषय."

बाईंनी वाचलं. पाणमांजर, तीन पिल्लांसह. पाहणारी व्यक्ती: शाळेतल्या बाई. पूर्ण विश्वासार्ह.

"बारा वर्षं लिहितोय मी ही वही," तो म्हणाला. "एकही नोंद खोटी नाही तिच्यात. म्हणून ते लोक विचारतात, पाहणारा कोण? म्हटलं, शाळेतल्या बाई आहेत. त्या कशाला खोटं लिहितील?"

पाऊस वाजत राहिला. बाईंनी कागद खाली ठेवला.

"मी झोपले होते," त्या म्हणाल्या.

"हं?"

"त्या दुपारी. तुम्ही बसवून गेलात आणि मी... झोपले. काहीच पाहिलं नाही. ते भिंतीवरचं चित्र होतं. सगळ्यांनी काही ना काही वाचलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होता... मला लाज वाटली. म्हणून लिहिलं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त कागद परत ओढून घेतला आणि त्याची चार वेळा घडी घातली.

"पिल्लं ओळीत होती म्हणालात," तो हळूच म्हणाला. "मी रोज पहाटे ती ओळ शोधत होतो."

"मला माफ—"

"वहीत रेघ तुम्हीच मारा. मी नाही मारणार."

शुक्रवारी रात्री जेवणाआधी बाईंनी पान उलटलं. त्यांनी रेघ मारली, एकच, आणि शेजारी लिहिलेलं मोठ्याने वाचलं, "पाहिलं नाही. झोपले होते. खोटं लिहिलं." डॉक्टर ताटाकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने नकळत गुडघा चोळला. वाटाड्या खिडकीबाहेर पाहत होता.

आत्याने बाईंच्या ताटात वाढलं, नेहमीपेक्षा जास्तच.

"खा आता. लाजेने पोट भरत नाही."

"आत्या, मी—"

"ऐकलं सगळ्यांनी. परत परत वाचायचा नियम नाही इथे."

शनिवारी दहाला बोट होती. पहाटेच बाई उठल्या आणि एकट्या लपणाकडे निघाल्या. दार ढकललं तर बाकाच्या एका टोकाला तो.

"तुम्ही कशाला आलात?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवशी झोपले होते. आज जागी राहायचंय. काही दिसलं नाही तर तसंच लिहीन."

तो थोडा सरकला. बाई दुसऱ्या टोकाला बसल्या. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा, आणि तीत तो सगळा अबोला.

उजाडलं. पाणी आधी राखाडी झालं, मग दुधाळ. बाईंनी पापणीही लवू दिली नाही. तास गेला असेल. शेजारी श्वास जड झाल्यासारखा वाटला, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. तीन पहाटांचं जागरण! भिंतीला डोकं टेकून वाटाड्या लहान मुलासारखा झोपला होता.

आणि नेमकं तेव्हाच पाणी हललं.

एक डोकं वर आलं. चपटं, तपकिरी, ओल्या मिशांचं. मग थोडी पाठ. तोंडात मासा होता, तो कुडुम कुडुम चावल्याचा आवाजसुद्धा आला. बाईंनी अगदी हळू हात लांबवून त्याच्या बाहीला स्पर्श केला... बाक करकरला. डोकं नाहीसं झालं. पाण्यावर एक वर्तुळ उरलं, आणि तो डोळे उघडेपर्यंत तेही पसरून विरून गेलं.

"काय झालं?"

कोणत्या तोंडाने सांगायचं? काल रात्री सगळ्यांसमोर खोटी ठरलेली बाई आज म्हणणार, मी पाहिलं, तुम्ही झोपलेले असताना!

"काही नाही," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटून घेतले. "नाही... होतं. एक. डोकं, आणि थोडीशी पाठ. शेपूट दिसली नाही. पिल्लं नव्हती. म्हणजे असतील, मला दिसली नाहीत. मी तुम्हाला उठवायला गेले आणि... तुम्ही विश्वास ठेवू नका. मीही ठेवला नसता."

येताना आणून पायाशी ठेवलेली वही त्याने उचलली, आणि दोरीला लोंबणारी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"लिही."

"पण तुम्ही पाहिलं नाहीत."

"तू पाहिलंस ना?"

"कशावरून खरं?"

"खोटं सांगितलंस तेव्हा पिल्लं तीन होती, आणि ओळीत पोहत होती." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "खरं असं अर्धंमुर्धंच दिसतं. शेपूटसुद्धा मिळत नाही."

बाईंनी लिहिलं. डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून मान वळवून लिहिलं. तिने पेन्सिल परत दिली तेव्हा त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. तिने ती वाचली. 'मी शेजारीच होतो. झोपलो होतो. पाहणारीवर विश्वास आहे.'

"हे विद्यापीठात जाणार?" तिने विचारलं.

"जाणार." त्याचे कान लालबुंद झाले होते. "दोन वर्षांनी पाणमांजर आलं आणि मी घोरलो. आत्या जन्मभर सोडणार नाही."

"रेघ मारू?"

"नको," तो म्हणाला. "वाचता आलं पाहिजे."

दहाला आत्या धक्क्यावरून ओरडली, "अरे, बोट लागली!" तो पानांचं पाकीट घेऊन पुढे गेला, ती बॅग घेऊन मागे. घाईत तिचं पाऊल फळीवरून घसरलं, आणि चिखलाने पुन्हा चुळूक केलं. या वेळी मात्र ती अजिबात हलली नाही.

तो पाकीट नावाड्याकडे देऊन परत आला. तिच्यापुढे उभा राहिला.

"शाळा कधी उघडते?"

"सोमवारी... येत्या नाही, त्याच्या पुढच्या."

"पुढची बोट मंगळवारी असते."

"अस्सं?"

त्याने हात पुढे धरला. "बूट राहू दे."

"आणि मी?" तिने विचारलं.

बोटीने शिटी दिली. तो तिच्याकडे बघतच म्हणाला, "तूही."