नऊ नंबरचा बिल्ला

अकोल्याच्या आमच्या कापूस विक्री संघाच्या कचेरीत नऊ माणसं, नऊ टेबलं आणि नऊ कप होते. कोणी कुठं बसायचं आणि कोणाचा कप कोणता, यावरून १९६१ साली कुरबुरी झाल्या, तेव्हा व्यवस्थापक पंजाबरावांनी एक सागवानी पेटी करवून घेतली. सकाळी आल्यावर दांडा ओढायचा, खालून पितळी बिल्ला पडायचा. त्यावरचा आकडा म्हणजे त्या दिवशीचं टेबल, तोच आतल्या फोनचा नंबर, तोच कप. संध्याकाळी बिल्ला परत.

"यंत्राले जात नसते," पंजाबराव म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

यंत्राला नव्हतीच. पण पेटी भरायचे हेडक्लार्क खुशालराव, आणि ते नऊचा बिल्ला सगळ्यांत वर ठेवायचे, म्हणजे तो शेवटी पडे. शेवटी येई श्रावण, कारण बाळापूरची मोटार कधी वेळेवर नसे. नऊचं टेबल मोरीजवळ होतं, नऊच्या कपाचा कान तुटलेला होता, आणि त्या कपात चहा ओतताना नत्थुजी शिपाई किटली वीतभर वर धरी. श्रावणच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. हे सगळं निव्वळ योगायोगानं चाललं होतं. कॉलेजात समतेवर भाषण करून मी ढाल मिळवली होती. ती घरी होती.

मग श्रावणला अमरावतीला सरकारी नोकरी लागली. आम्ही त्याला हार घातला आणि नऊचा बिल्ला खुशालरावांनी आपल्या खणात कुलपात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. दांडा ओढला. नऊ पडला.

खुशालरावांनी खण उघडला. तो रिकामा होता. "मी सोताच्या हातानं ठेवला होता," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना जरा मागं सरले.

मी उशिरा येऊन पाहिलं, मधे येऊन पाहिलं. एकदा तर बिल्ला मोर्णा नदीत फेकला. सकाळी तो पडला तेव्हा ओला होता. मग माझ्या कपात ओतताना नत्थुजीची किटली वर जाऊ लागली. मी पित्ताचं कारण सांगून चहा सोडला. तो कप तोंडाला लावताना चारचौघांनी मला पाहू नये, एवढंच मला हवं होतं.

एका रविवारी मी अमरावतीला श्रावणकडे गेलो. माफी मागावी असं ठरवलं होतं. मोटारीत वाक्यंही जुळवली होती.

त्याला खरंच आनंद झाला. कचेरीतल्या एकेकाची चौकशी केली, अगदी नत्थुजीच्या गुडघ्यांचीसुद्धा. मग त्याची बायको शालू चहा घेऊन आली.

कपाला कान नव्हता. बुडाशी निळ्या रंगात नऊ होता. तो कप शनिवारी मी कचेरीच्या कपाटात पाहिला होता.

"हा कुठून आणला?"

"कुठून म्हंजे? घरचाच हाये," श्रावण म्हणाला. "घ्या ना सायेब, थंडा होऊन राहिला."

शालू दारात उभी होती. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. पाहणारं कोणीच नव्हतं.

"पित्त आहे," मी म्हणालो.

शालूनं पदर सारखा केला आणि ती आत गेली. श्रावणनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"राहू द्या मंग," तो म्हणाला. "सावकाश प्या."

जुळवलेली वाक्यं मी तशीच परत घेऊन आलो.

सोमवारी कचेरीचं कुलूप मीच उघडलं. नत्थुजी यायचा होता, शेगडी थंड होती.

दांडा ओढला. नऊ.

मोरीजवळच्या टेबलावर कप होता. काठोकाठ भरलेला.

चहावर अजून साय धरली नव्हती.