माहा नंबर पाह्यजो

"त्या दवाखान्यात कोणी 'माहा नंबर पाह्यजो' म्हणलं, तं हो म्हणू नको वं पोरी. मुंडीबी हालवू नको."

तानाबाई, म्हणजे रोशनीची मोठीमाय, आईची थोरली बहीण, फोनवर हे तिला बजावत होती. आणि रोशनी हसत होती.

"मोठीमाय, मी केमिस्ट्रीत एम. एस्सी. आहे. भुतांचा प्रयोग नव्हता आमच्या लॅबमध्ये."

"हास. हास तू. दात घरी ठेवून जाजो मंग."

रोशनी माझी जाऊ. आम्ही दोघी हिंगणघाटला एकाच घरात राहतो, दोघींची लेकरं एकाच वयाची. ही गोष्ट तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की कुठे ती थांबते, कुठे पाणी पिते, हेही मला पाठ आहे. एकदाही तपशील बदललेला नाही. रंगवून सांगणाऱ्याचा बदलतो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. मे महिना, पुलगाव, ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

रोशनीचे वडील प्रेमदास नाचणगावला एकटे राहतात. आई तीन वर्षांपूर्वी गेली. बाबांना शुगर, बीपी, आणि तिसरा आजार म्हणजे हट्ट. रोशनी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, कडेवर दीड वर्षाची लेक संबोधी. सकाळपासून बाबा खांदा चोळत होते.

"गॅस आहे. काल वांग्याची भाजी जास्त झाली."

"गॅस खांद्यात जातो का बाबा?"

"माहा जाते."

तरी तिने त्यांना रिक्षात घातलं आणि पुलगावच्या त्या दवाखान्यात आणलं. बीपी, शुगर, ताप, खोकला, सगळं बघणारे डॉक्टर. बाबांची फाईल तिथलीच. रिक्षात असतानाच तिने मोठीमायला कळवलं, तोच तो फोन.

पोचले तेव्हा सकाळची ओपीडी संपली होती. काउंटरवरच्या ज्योत्स्नाताई डबा घेऊन निघाल्याच होत्या.

"डॉक्टर जेवाले गेले. आता चार वाजता. बसाचं असन तं बसा कूलरमध्ये. चपला रांगेत लावून द्या, पहिला नंबर तुमचाच."

तिथली पद्धतच ती. टोकन नाही, चिठ्ठी नाही. केबिनच्या दारापासून भिंतीला लागून चपला मांडायच्या. ज्याची चप्पल पुढे, त्याचा नंबर पुढे. मग माणूस चहाला जावो नाहीतर झोपो.

रोशनीने बाबांच्या चपला अगदी दाराशी लावल्या. पुढे कोणी नव्हतं. तिला नीट आठवतं... पुढे कोणीच नव्हतं.

ज्योत्स्नाताईंनी शटर अर्धं ओढलं आणि गेल्या.

आत तिघंच. कूलरचा घरघराट. भिंतीला टेकून बाबा. मांडीवर किरकिरणारी संबोधी.

मग बाकाच्या टोकाकडून खोकला आला.

कोरडा. खोल. दोनदा.

रोशनी पिशवीत डोकं घालून दुधाच्या बाटलीचं बूच शोधत होती. दवाखान्यात खोकला ऐकून कोण मान वर करतं?

"बाई... माहा नंबर पाह्यजो. मी आलीच पाणी पिऊन."

"हो हो, पाहते," रोशनी म्हणाली.

बोलून गेली. बस, शेजारच्याने काही सांगितलं की आपण म्हणतो तसं.

नजरेच्या कडेला तिला नऊवारीचा हिरवा काठ दिसला आणि गोंदलेला हात. काठ बाकावरून उठला आणि मागच्या दाराकडे गेला. तिकडे पाण्याची टाकी आहे.

बूच सापडलं. बाटली लागली. संबोधी शांत झाली.

आणि तेव्हा रोशनीच्या लक्षात आलं.

शटरखालून वाकल्याशिवाय आत येता येत नाही. कोणी वाकलेलं तिने पाहिलं नव्हतं.

आणि मागचं दार... त्याला आतून कडी होती.

तिने मान वळवली. बाक रिकामा. तिने चपलांकडे पाहिलं.

बाबांच्या चपला दुसऱ्या नंबरवर होत्या.

त्यांच्या पुढे एक लाल प्लास्टिकची जोडी. डावीचा पट्टा तुटलेला, त्याला दवाखान्यातली पांढरी बँडेजची पट्टी बांधलेली.

"बाबा, इथे एक आजी होती ना आता?"

तिने बाबांकडे पाहिलं. ते घामाने भिजले होते.

कूलर समोर होता. वारा थेट अंगावर. आणि सदरा पाठीला चिकटलेला.

"बाबा?"

"जबडा दुखून राह्यला थोडा... काही नाई. गॅस आहे."

खांदा. घाम. जबडा. रोशनी शिकलेली बाई. तिने हे तिन्ही शब्द एका ओळीत कुठेतरी वाचले होते. आई गेली तेव्हाही घरातले सगळे 'थकवा आहे' म्हणत होते.

तिने भिंतीवर लिहिलेला दवाखान्याचा नंबर लावला.

रिंग वाजली... समोरच. काउंटरवर. ज्योत्स्नाताई दवाखान्याचा मोबाईल चार्जिंगला लावून गेल्या होत्या.

रोशनी कट करणार, तेवढ्यात तिच्या कानात फोन उचलला गेला.

समोर काउंटरवर मोबाईल वाजतोच आहे. त्याला कोणी हात लावलेला नाही. आणि इकडे कानात...

खोकला.

कोरडा. खोल. दोनदा.

"आला का वं नंबर?"

तिच्या हातून फोन पडला. काउंटरवरची रिंग बंद झाली. कूलरही बंद झाला. लाईट गेली होती.

इतकी शांतता की संबोधीचं दूध ओढणंसुद्धा ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. संबोधीने बाटली तोंडातून काढली, बाकाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं आणि हात हलवला.

टाटा करतात तसा नाही. ये ये करतात तसा.

रोशनी उठली. एका कडेवर पोरगी, दुसऱ्या हाताने बाबांचा दंड. "चला बाबा, रिक्षा करू, वर्ध्याला जाऊ."

बाबा उठेनात. जड झाले होते. आणि ते रोशनीकडे नाही, चपलांकडे बघत होते.

"असे कसे जाऊ? तू हो म्हणली ना तिले. तिचा नंबर आहे पहिले."

बाबांनी ते ऐकलं होतं. म्हणजे भास नव्हता. रोशनी म्हणते, त्या क्षणी तिला भुताची भीती वाटली नाही. भीती एकाच गोष्टीची वाटली, की आपल्या 'हो'पायी बाबा या बाकावरून उठणार नाहीत.

ती शटरपाशी जाऊन ओरडली. रस्त्यावर ऊन आणि ऊन. पानठेल्यावर पडदा टाकलेला. कोणी नाही.

वळून आली आणि तिने, एम. एस्सी. केमिस्ट्री असलेल्या बाईने, रिकाम्या बाकापुढे हात जोडले.

"आजी, तुमचा नंबर मी पाहीन. पण माझे बाबा जाऊन राह्यले हो. काही करा..."

काही झालं नाही.

मग मागच्या दाराची कडी पडली. आतून लावलेली कडी.

आणि केबिनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

क्षणात केबिनचं दार उघडलं आणि बाहेर आले ते डॉक्टर. हात धुतल्यावर पुसलेलेही नव्हते.

"घाम येणारे काका कोण? आणा, आधी त्यांना आणा!"

पुढचं सगळं पटापट झालं. ईसीजी, जिभेखाली गोळी, फोन, गाडी. वर्ध्याला पोचले, ब्लॉकेज निघालं, स्टेंट पडला. बाबा वाचले. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलायलाच नको.

आठवडाभराने रोशनी पेढे घेऊन पुलगावच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांना विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तुमच्या त्या आजीने सांगितलं ना. मी घरून जेवून लगेच केबिनच्या मागच्या दाराने आत आलो, तर केबिनमध्ये उभीच होती. बसा म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, माहा राहू द्या, भायेरच्या त्या घामवाल्याले पहा. खोकला वाईट होता तिचा. तिला पुन्हा आणा, तपासायचं राहिलं."

रोशनीने काउंटरपाशी येऊन त्या आजीचं आणि तिच्या चपलांचं सांगितलं. ज्योत्स्नाताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"लाल चपला? पट्टी बांधलेल्या?"

"हो."

"ते पट्टी मीच बांधून देल्ली होती, मॅडम. सीताबाईले. मागच्या उन्हाळ्यात. एकटीच येत होती खेड्यातून. शेजारच्या बाईले नंबर पाह्याले सांगून पाणी प्याले गेली... नंबर आला तं थे बाई म्हणे, मले काय माहीत, आणि सोताच आत घुसली. आमीबी पाह्यलं नाई. संध्याकाळी झाडू माराले आली तं चपला तशाच रांगेत." ताईंनी पेढा काउंटरवर ठेवला. "टाकीमांगं बसून होती. बसल्या बसल्याच..."

"मग चपला?"

"माह्या हातानं नालीत टाकल्या. डॉक्टर तवा नवेच होते. आमी त्यायले सांगतलंच नाई."

रोशनीने मोठीमायच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. मोठीमाय हसली नाही, चिडलीही नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

"तिनं सोताचा नंबर तुह्या बापाले देल्ला वं."

"मग चांगलंच झालं ना, मोठीमाय."

"चांगलं काय? तिचा राह्यलाच ना मंग. तू तं पाहीन म्हणली आहे."

तेव्हापासून रोशनी जिथे कुठे रांगेत उभी राहते, बँकेत, रेशनला, संबोधीच्या लसीला, तिथे ती आधी खाली बघते. लोकांच्या पायांकडे. मी सोबत असले की मीही बघते.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

बाबा आता ठणठणीत आहेत. महिन्याच्या तपासणीला पुलगावच्या त्याच दवाखान्यात एकटेच जातात. सोबत कोणी आलेलं चालत नाही, हट्ट काही स्टेंटने गेला नाही. काल त्यांचा उशिरा फोन आला.

"काऊन एवढा उशीर, बाबा?" रोशनीने विचारलं.

"एका बाईचा नंबर पाहत बसलो होतो. पाणी पिऊन येतो म्हणे. आलीच नाई थे."

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता.

"बाबा... तुम्ही हो म्हटलं?"

"मंग? म्हातारं माणूस, नाई कसं म्हणाव? उद्या जातो परत. तिचा नंबर काही लागला नाई अजून."

आणि मग बाबा खोकले.

कोरडा. खोल. दोनदा.

बाबांना खोकला कधीच नव्हता.

आज दुपारपासून त्यांचा फोन लागत नाही. रोशनी आणि भावजी गाडी काढून निघालेत, पण हिंगणघाटहून पोचायला वेळ लागतो. लेकरं दोन्ही माझ्यापाशी आहेत. संबोधी मघापासून दाराकडे बघून हात हलवते आहे.

पुलगाव-नाचणगावचं कोणी हे आत्ता वाचत असेल, तर एवढं करा. दवाखान्याचं शटर अर्धं असेल, तरी वाकून आत बघा. पांढरा सदरा, पिकलेल्या मिशा, नाव प्रेमदास. बाकावर दिसले तर हाताला धरून उठवा आणि उन्हात बाहेर आणा. 'थांब, त्या बाईचा नंबर आहे' म्हणाले, तरी थांबू नका.

आणि शेजारून कोणी तुम्हाला काही सांगितलं... तर मान हलवू नका.