शेळ्यांचा डॉक्टर, वहिनीचा ताप

“तुम्ही गरोदर आहात का?”

पहिल्याच भेटीत एखाद्या तरुणाने असं विचारावं... माझ्या हातातली बादली निसटता निसटता राहिली. गोठ्याच्या दारात तो आडवा उभा होता — कोपरापर्यंत हातमोजे, कपाळावर घाम, डोळे मात्र शांत. आमच्या तिसऱ्या शेळीने गाभ टाकला होता, म्हणून दादाने जनावरांच्या या नव्या डॉक्टरला बोलावलं होतं.

“माझं अजून लग्नही झालेलं नाही,” मी म्हटलं.

तो कानापर्यंत लाल झाला. “तसं नव्हे... शेळ्यांचा गाभ ज्या जंतूंमुळे पडतो, त्यातले काही माणसांनाही लागतात. पोटातल्या बाळाला तर फारच धोका. घरात आहे कुणी?”

माझं हसू जागच्या जागी विरलं. वहिनीला आठवा महिना लागला होता. आधीच्या शेळीची वार तिनेच उचलली होती — उघड्या हातांनी. आणि कालपासून तिला कणकण होती.

मी घरात धावले, पण वहिनी दाद देईना. “अंग मोडून आलंय नुसतं. होतं असं.”

तो दारातूनच हलक्या आवाजात म्हणाला, “वहिनी, तुम्हाला औषध देणं माझं काम नाही. पण आजच दवाखान्यात चला. आणि शेळ्यांचं तिथे आवर्जून सांगा, नाहीतर त्यांच्या ध्यानात कसं येणार?”

वहिनी उठून चपला शोधू लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहिल्या वेळीही ताप होता गं मला.”

ते बाळ पोटातच गेलं होतं. नशिबाला बोल लावून आम्ही सगळे मोकळे झालो होतो... वहिनी सोडून.

डॉक्टरच्याच गाडीतून निघालो. तपासणीत संसर्ग निघाला. वहिनीला ठेवून घेतलं, सलाईनमधून औषध सुरू झालं. तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, “तेव्हाही हेच झालं असेल का?”

“आता सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची चूक मात्र नव्हती.”

वहिनी तोंडावर पदर घेऊन रडली. दादा तिचा हात धरून बसला.

त्यानंतर हा शेळ्यांचा डॉक्टर गोठ्यात वरचेवर येऊ लागला. आजारी शेळ्या वेगळ्या बांधल्या, गोठा धुऊन घेतला, मलाही हातमोजे घालायला लावले.

“शेळ्यांपेक्षा स्वयंपाकघराकडेच जास्त लक्ष दिसतं तुमचं,” मी एकदा म्हटलं.

“चहा फार छान करता तुम्ही.”

“चहा दादा करतो.”

“मग... दादांना सांगा, छान होतो.” आणि तो शेळीचे दात तपासू लागला. तेच दात त्याने आदल्या दिवशीही तपासले होते.

वहिनीला दिवस भरून दवाखान्यात मुलगी झाली. दाराआडून रडणं ऐकू आलं आणि दादा दाराकडे धावला. मी व्हरांड्यात आले, तर हा खांबाला टेकून उभा... सकाळपासून.

“इथे कुठली शेळी आजारी आहे?” मी विचारलं.

तो हसला नाही. “मला झोप नव्हती. बाळाला काही झालं असतं, तर तुमच्यासमोर यायला मी धजलो नसतो.”

“आणि यायचं होतं?”

“रोज,” तो म्हणाला. “जन्मभर... तुमची हरकत नसेल तर.”

आतून दादा हाका मारत होता. मी डॉक्टरची बाही धरली आणि म्हटलं, “चला, आधी भाचीला बघू.”

“भाची तुमची.”

“हो, माझीच,” मी म्हटलं. “ती माझ्या भावाची मुलगी. मी तिची आत्या. तिचे आतोबा कोण होणार, ते तुम्हीच ठरवा.”

तो बोटांवर नाती मोजू लागला. मग त्याला उमगलं, आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाला.