दुर्बिणीसमोर कोण होतं?

हे खरंच घडलेलं आहे. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

आकाशात चंद्र नव्हता. अशी रात्र भुतांसाठी नाही, ताऱ्यांसाठी निवडतात. थंडी कोरडी होती. माझी मावशी गावाबाहेरच्या बंद खडीच्या खाणीत दुर्बीण लावून एकटीच बसली होती.

एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून सरकतो आणि तारा काही क्षण विझतो. मावशीच्या आकाशनिरीक्षण गटातले लोक दूरदूर बसून तो क्षण टिपतात. सगळ्यांच्या वेळा एकत्र केल्या की त्या दगडाचा आकार कळतो. डोळा दुर्बिणीवरून हलवायचा नसतो, त्यामुळे घड्याळ बघता येत नाही. शेजारी वेळेचे ठोके देणारा रेडिओ आणि एक रेकॉर्डर ठेवायचा. तारा विझला की म्हणायचं 'गेला'. उजळला की 'आला'.

हे तिला माझ्या थोरल्या मामाने, तिच्या भावाने, शिकवलं. शिकवलं कसलं, हमाली करून घेतली. दुर्बीण तिने वाहायची, डोळा त्याने लावायचा. एकदाच तिला बसू दिलं. तिची वेळ इतरांशी जुळली नाही, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "हिच्या पापण्याच फार जड." लोक पोट धरून हसले. तेव्हापासून गटात तिचं नाव 'पापणी'.

मामा गेल्या हिवाळ्यात वारला. दुर्बीण गटाची होती. गटाचे प्रमुख म्हणजे मामाचे जिवलग मित्र, दातांचे डॉक्टर. त्यांनी मावशीला बजावलं होतं, या वेळी तुझी वेळ जुळली तर दुर्बीण तुझ्याकडे राहील. नाहीतर परत आणून द्यायची.

म्हणून त्या रात्री ती डोळ्यात तेल घालून बसली होती.

टिक... टिक... टिक...

आणि आकाश मंदावलं.

तो एक तारा नाही. सगळेच. हळूहळू, एकाच वेळी सगळे... कुणी नळीच्या तोंडाशी वाकलं, की जसं होतं तसं.

रेडिओचा दिवा जळत होता. पण ठोके ऐकू येईनात.

ती उठली. खुर्ची खडीवर करकरली.

दुर्बिणीसमोर कुणीच नव्हतं.

पुढच्या काचेवर मात्र वाफ धरली होती. मधोमध, एवढीशी. दव असतं तर सगळी काच सारखी ओलावली असती. ही वाफ पसरत होती... आक्रसत होती... पुन्हा पसरत होती.

तिने सामान कसंबसं गाडीत कोंबलं. तोंडातून एक शब्द फुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्डर घेऊन दवाखान्यात गेली. त्यात काही नाही, हे सांगायलाच. डॉक्टरांनी दोन पेशंटच्या मधे मास्क हनुवटीखाली ओढला आणि हेडफोन लावले. चूळ भरायच्या भांड्यात पाणी गोल गोल फिरत होतं.

त्यांनी एकदा ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग हेडफोन तिच्या हातात दिले.

ठोके स्वच्छ ऐकू येत होते. मग एक पुरुषी आवाज. अगदी माइकजवळ. शांत.

"गेला."

ठोके...

"आला."

आणि त्यानंतर खुर्ची करकरल्याचा आवाज.

"वेळ तंतोतंत जुळतेय," डॉक्टर म्हणाले.

"मी काही बोललेच नाही, डॉक्टर."

"माहितीये."

त्यांनी मास्क वर चढवला. निकालात मामाचं नाव घातलं.

मावशी दुर्बीण परत द्यायला गेली, तर त्यांनी हात लावला नाही.

"तुझ्याकडेच राहू दे. तू फक्त लावून देत जा. बाकीचं तो बघेल."

ती अजूनही खाणीत जाते. दुर्बीण लावते, रेकॉर्डर सुरू करते आणि गाडीच्या काचा वर करून बसून राहते. वेळा दर वेळी जुळतात.

मी तिला विचारलं, सोडून का देत नाहीस?



"तिथे त्याला काम तरी आहे," ती म्हणाली. "ते बंद केलं, तर तो घरी येईल."